आधी तुमच्याकडे, मग माझ्याकडे

नाना, आज सकाळी तुमचा सुळका दोन घरं डावीकडे सरकला होता. मी तुमच्या यंत्राच्या पडद्यावर बघितलं आणि सवयीने हाक मारायला मान वळवली. खुर्ची रिकामी. तशी ती वर्षभर रिकामीच आहे, तुम्ही निवृत्त झालात तेव्हापासून. पण वर्षभर एक ठाऊक होतं, की फोन लावला तर पलीकडून आधी खोकला येणार आणि मग ‘काय गो बाय, सरकला ना?’ येणार. आता फोन कुणाला लावू? तुम्हाला जाऊन महिना होत आला.

मग मीच गेनची, आवाज लहान-मोठा करतात तशी, चकती केसभर फिरवली आणि सुळका त्याच्या घरी नेऊन बसवला. तीनदा चुकले. तुम्ही हे काम डाव्या हातात चहाचा कप धरून करायचात.

ऑफिसच्या फळ्यावर तुमच्याबद्दल चार ओळी लागल्यात. जन्म अलोरे, शिक्षण आयटीआय, सेवेची वर्षं, आणि शेवटी ‘मनमिळाऊ स्वभाव’. नाना, मनमिळाऊ! मला तिथेच हसू फुटलं आणि मग रडू. कॅन्टीनवाल्याने चहात साखर जास्त घातली म्हणून तुम्ही त्याच्याशी दोन वर्षं बोलला नाहीत. साहेबांशी कामापुरतं. माझ्याशी तर अख्खा पावसाळा अबोला. त्या चार ओळींत काही खोटं नाही, फक्त तुम्ही त्यांत कुठे सापडत नाही. म्हणून मी लिहायला बसले. आणि खरं सांगायचं तर आणखी एका कारणासाठी. तुमच्याशी एक वाद मी जिंकले असं समजत होते. तो मी हरले आहे, आणि हे सांगायला तुम्ही नाही.

तुम्ही पहिल्यांदा नाट्याला, आमच्या गावी, घरी आलात तो दिवस मला फार आठवतो. मासळीचे नमुने न्यायला आपण बंदरावर गेलो होतो आणि बाबांनी तुम्हाला हट्टाने जेवायला बसवलं. मी नोकरीला लागून दोनच महिने झाले होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि मी नेमकं करते काय हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. मलाही त्यांना सांगता येत नव्हतं, हे त्याहून वाईट. बाबांनी तुम्हाला विचारलं, “ही पोर तिथं मोजते काय?”

तुम्ही बांगड्याचा काटा ताटाच्या कडेला ठेवलात. म्हणालात, “हे बघा, मातीत, माशात, नारळात, तुमच्या-माझ्या हाडात थोडी किरणं असतातच. देवाने घातलेली. डोळ्यांना दिसत नाहीत. आम्ही काय करतो, मासा सुकवतो, त्याची पूड करतो, डब्यात भरतो आणि डबा यंत्राच्या डोक्यावर ठेवतो. भोवती शिशाच्या भिंती, म्हणजे बाहेरचा गोंगाट नको. आणि दिवसभर ऐकत बसतो. आत जो जो पदार्थ असेल तो आपापल्या पट्टीत हाक मारतो. ज्याची हाक जास्त वेळा, त्याचा सुळका पडद्यावर उंच. बस.”

“आणि मग?”

“मग लिहून ठेवतो. उद्या काही झालं, कुणी म्हणालं की मासळीत भलतंच काही आलं, तर आज किती होतं हे कुणाला तरी ठाऊक हवं ना?”

बाबांनी तुमच्या ताटात आणखी एक बांगडा वाढला. मग म्हणाले, “म्हणजे वादळाआधी होड्या मोजून ठेवतात, तसं.”

तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, “बघ. तुझ्या एम.एस्सी.च्या पुस्तकात आहे का असं एक वाक्य?”

निघताना बाबांनी तुमचा हात धरला. “आमच्यात शिकलेलं कोण नाय. पोर तुमच्या हाती दिली.” तुम्ही म्हणालात, “हाती कसली देताय? सहा महिन्यांत ती माझाच हात धरून मला शिकवील.” तेव्हा मला ते फार गोड वाटलं होतं. पुढे मी ते खरं करून दाखवायला निघाले, हीच गडबड झाली.

तुमचं यंत्र जुन्या इमारतीत, वर कातळावर. एक डिटेक्टर, त्याखाली द्रव नायट्रोजनची टाकी, कारण थंड ठेवल्याशिवाय तो काम करत नाही. आणि शेजारच्या रॅकमध्ये ओळीने खोके: एक प्रत्येक हाकेचा विजेचा ठोका मोठा करणारा, एक त्याला आकार देणारा, एक त्याची उंची मोजणारा. प्रत्येकाला चकत्या, प्रत्येकाला बारीक स्क्रू. तुम्ही स्कोपवर, ठोक्याची रेघ दाखवणाऱ्या पडद्यावर, डोळे लावून त्यांतल्या एका स्क्रूशी खेळायचात. “ठोका पडून गेला की रेघ परत जमिनीला टेकली पाहिजे,” तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतंत. “खाली बुडता कामा नये, वर तरंगता कामा नये. आंब्याचं पान पाण्यावर पडतं तशी बसली पाहिजे.” अलोऱ्याच्या वसाहतीत वाढलेले तुम्ही. वडील कोयनेच्या वीजघरात. लहानपणी म्हणे तुम्ही जमिनीला कान लावून सांगायचात, आज किती यंत्रं चालू आहेत. मी ते कधी खरं मानलं नाही. खरं मानायला हवं होतं.

रोज सकाळी यंत्र चालू केलं की तुम्ही पहिलं पोटॅशियमचा सुळका बघायचात, चौदाशे साठच्या पट्टीवरचा. पोटॅशियम सगळ्यांत असतं, मातीत, भिंतीत, आपल्यात. “हा घरचा माणूस. हा जागेवर असला की बाकीचे पाहुणे कुठे बसलेत ते कळतं.” ऊन वाढलं की तुमचे खोके तापायचे आणि घरचा माणूस दोन-तीन घरं सरकायचा. तुम्ही त्याला परत आणायचात. असं दिवसातून दोनदा, इतकी वर्षं.

आणि मग खाली नव्या इमारतीत माझं यंत्र आलं. डिजिटल. डिटेक्टर नवा, आणि तुमच्या रॅकभर खोक्यांच्या जागी जेवणाच्या डब्याएवढा एकच खोका. ठोका आला की लगेच त्याचे आकडे होतात, पुढचं सगळं गणित. स्क्रू नाही, चकती नाही. तुम्ही त्याच्याभोवती फिरलात, वाकून मागची बाजू बघितलीत आणि म्हणालात, “ह्याला नमस्कार कुठे करायचा?”

साहेबांनी माझ्याकडे काम दिलं: दोन्ही यंत्रांची तुलना कर, कुणाचं मोजमाप जास्त अचूक ते लिही, म्हणजे पुढे काय ठेवायचं ते ठरवू. माझं स्वतःचं पहिलं काम. माझ्या नावाचा पहिला अहवाल. तुम्ही लगेच म्हणालात, “खाली-वर कशाला? तुझा खोका माझ्या डिटेक्टरला लाव. एकच कान, दोन मेंदू. खरी तुलना ती.” बरोबर होतं. पण कंपनीचा माणूस बजावून गेला होता की वॉरंटी आहे तोवर तारा हलवायच्या नाहीत. आणि तुमचा डिटेक्टर शिशाच्या भिंतीत बसलेला, तो कोण हलवणार? तेव्हा ठरलं, यंत्रं जागच्या जागी, डबे फिरवायचे.

आता ऐका, नाना. माझी पहिली चूक इथे आहे, आणि ती मी चांगुलपणाने केली.

मी म्हणाले, डबा आधी नानांच्या यंत्रावर. एक दिवस तिथे मोजायचा, मग खाली आणायचा. साहेब म्हणाले, का? मी म्हणाले, मान मोठ्यांचा. शिमग्याला पालखी आधी मानकऱ्याच्या दारी जाते, मग बाकीच्यांच्या, इतकं सरळ मला ते वाटलं. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये माझ्या चहात साखर जास्त पडली होती तरी तुम्ही माझ्या बाजूने भांडला नाहीत, इतके खूश होतात.

दुसरी चूक शहाणपणाने केली. तुम्ही डबा भरताना टेबलावर ठोकायचात. तळहाताखाली डबा धरायचा, ठक, ठक, ठक, पूड घाला, परत ठक ठक. ती खाली बसायची थांबेपर्यंत. मी छापील कार्यपद्धत काढली. त्यात लिहिलं होतं, ‘रेघेपर्यंत भरावे, वजन करावे, सील करावे.’ ठोकण्याचं नाव नाही. मी म्हणाले, “नाना, प्रत्येकाचा ठोका वेगळा. त्यात एकसारखेपणा नाही. ठोकायचं नाही.” तुम्ही साहेबांच्या सहीकडे बघितलंत आणि हात मागे घेतलात. तेव्हापासून डबे मी भरायला लागले. चमच्याने, हलक्या हाताने, रेघेपर्यंत. पांढरे अपारदर्शक डबे, वर काळी चिकटपट्टी.

आणि ते डबे खाली यायचे तुमच्या स्कूटरवरून. पायाजवळच्या हुकाला पिशवी, मागे मी. वरच्या इमारतीपासून खालच्या इमारतीपर्यंतचा तो चिऱ्यांचा रस्ता आणि तीन गतिरोधक. तुम्ही एकावरही वेग कमी केला नाहीत. “नाना, हळू!” मी ओरडायची. “मासा पाण्यात काय हळू जातो?” तुम्ही म्हणायचात.

आकडे यायला लागले. तुलनेसाठी प्रमाण म्हणून आलेला एक डबा, आतला पदार्थ राळेत घट्ट ओतलेला, दोन्ही यंत्रांवर अगदी एकसारखा. पण आपले डबे, मासळी, जांभी माती, भाट्याच्या नारळाची पूड, सगळे तुमच्या यंत्रावर कमी आणि माझ्यावर जास्त. थोडाच फरक, पण दर वेळी एकाच बाजूला. पोटॅशियम असो की दुसरं काही, सगळेच सुळके त्याच प्रमाणात. कुणी विद्यार्थी हे घेऊन आला असता तर मी त्याला म्हणाले असते, अरे, प्रमाण डबा जुळतो म्हणजे यंत्रं बरी आहेत, गडबड डब्यात शोध. पण मी विद्यार्थी नव्हते ना. मी एम.एस्सी. होते. मी म्हणाले, मंद, म्हणजे कमी हाकांच्या, नमुन्यात जुन्या यंत्राचे ठोके गळतात. माझं यंत्र ते पकडतं.

तुम्ही म्हणालात, “माझा एक ठोका गळत नाही.”

“आकडे सांगतात.”

“आकडे काय सांगतात ते तुला अजून ऐकू येत नाही. बटण दाबता येतं फक्त.”

हे तुम्ही बाहेरून आलेल्या पाहुण्यांच्या देखत बोललात. मला इतकं लागलं, की मीही त्यांच्याच देखत म्हणाले, “नाना, कान लावून ऐकायचे दिवस गेले आता. तुमचे पण.”

नाना, हे वाक्य मी परत घ्यायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, कधीही. रोज सकाळी माफी माझ्या तोंडाशी यायची आणि रोज मी पडद्याकडे वळायची. तुम्ही बोलायचं बंद केलंत. डबे मुकाट्याने स्कूटरला लावायचात आणि मी मागे बसायची. अख्खा रस्ता दोघंही गप्प. गतिरोधकही गप्प, मी ओरडायचं सोडलं होतं.

त्याच पावसात दरड पडून घाट बंद झाला आणि नायट्रोजनचा ट्रक घाटावरच अडकला. दोन टाक्या, आणि शिल्लक एकीपुरतं. मी सकाळी आले ती धास्तावूनच, कारण माझी मोजणी चालू होती. बघते तर माझी टाकी भरलेली. वर गेले. तुमचं यंत्र बंद, डिटेक्टर गरम व्हायला सोडलेला. परत थंड करून जागेवर आणायला किती दिवस जातात ते मला ठाऊक होतं. तुम्ही पेपर वाचत बसला होतात.

“नाना, हे काय केलंत?”

तुम्ही पेपरातून डोकं न काढता म्हणालात, “तुझी मोजणी चालू आहे. माझा काय, म्हातारा झालाय, झोपू दे जरा.”

एवढंच. अबोला तिथे संपला. पण मी माफी मागितली नाही आणि तुम्ही ती मागायची वाट बघितलीत असं मला कधी दिसलंही नाही. मी मनात म्हणाले, नानांनी हार मानली. इतकी मी शिकलेली होते.

अहवाल पुरा करायच्या आठवड्यात तुम्ही माझ्या टेबलाशी आलात. “एकदा उलट कर गो,” म्हणालात.

“काय उलट?”

“डबा. आधी तुझ्याकडे, मग माझ्याकडे.”

“का?”

“कर तर.”

“नाना, कार्यपद्धत ठरलीय. आता मध्येच बदलली तर लोक म्हणतील, आकडे जुळवायला बदलली.”

मला वाटलं आणखी काही बोलणार. पण तुम्ही माझ्या टेबलावरचा रिकामा डबा उचललात, तळहातावर दोनदा आपटलात, ठक, ठक, आणि ठेवून गेलात. मला तो तुमचा राग वाटला.

अहवाल गेला. जुन्या यंत्राचं मोजमाप कमी येतं, ते काढून टाकावं. खाली माझी सही. त्याच महिन्यात तुम्ही निवृत्त झालात. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी भाषणं केली, मीही केलं. ‘नानांकडून खूप शिकले’ असं म्हणाले. काय शिकले ते नाही सांगितलं, कारण अहवालात मी त्याच्या उलट लिहून बसले होते.

वर्षभर तुम्ही तो विषय काढला नाहीत. मी फोन केला की माझ्या यंत्राचं विचारायचात. पावसाळ्यात बंद पडेल म्हणाला होतात, पडलं नाही, तेव्हा मी हट्टाने सांगितलं, “नाना, व्यवस्थित चाललंय हां.” तुम्ही म्हणालात, “चालू दे, चालू दे. पोटॅशियम जागेवर आहे ना?” एकदाच म्हणालात, “डबे कोण भरतं आता?” मी म्हणाले, मीच. “हां,” म्हणालात आणि काकीला फोन दिलात. त्या ‘हां’मध्ये काय होतं, नाना? मी तो ‘हां’ आता रोज ऐकते.

तेराव्याला मी सकाळीच भाट्याला तुमच्या घरी गेले, काकीला हात लावायला. वड्यांचं पीठ गिरणीतून आलं होतं. शेजारच्या माणसाने डबा स्कूटरवर आणला, तुमच्याच जातीचा चालवणारा असणार. तुमच्या बहिणीने झाकण उघडलं आणि हात कमरेवर ठेवला.

“हे बघा! डबा गच्च भरून दिला होता ना? चार बोटं खाली! गिरणीवाल्याने मेल्याने हात मारला.”

काकीने वळूनही बघितलं नाही. चुलीशी बसल्या बसल्या म्हणाली, “कोण नाय हात मारलाय. वाटेत बसलं ते.”

“बसलं म्हणजे?”

“पीठ नाय बसत? हे असते तर हसले असते तुला. इथून तिथून हलत आलं की बसतं. गिरणीतच डबा आपटून घ्यायचा असतो.”

नाना, माझ्या हातात वाटाण्याची परात होती. मी ती खाली ठेवली.

मी लहानपणी नाट्यात गिरणीतून पिठाचा डबा डोक्यावरून आणला आहे. किती वर्षं. गिरणीत गच्च आणि घरी चार बोटं कमी. आई दर वेळी म्हणायची, बसलं. हे मला कॉलेजला जायच्या आधीपासून ठाऊक होतं. मग मी शिकले, आणि हे मला ठाऊक आहे हे विसरले. डब्यातली मासळीची पूड तुमच्या यंत्रावर असताना फुगून होती, हलक्या हाताने भरलेली. मग ती तुमच्या स्कूटरवर बसून तीन गतिरोधकांवरून खाली यायची आणि दबून, डिटेक्टरच्या जवळ जाऊन बसायची. जवळून मारलेली हाक जास्त ऐकू येणारच. राळेचा डबा दबत नाही, म्हणून तो जुळायचा. पांढऱ्या डब्यातून काही दिसत नव्हतं. ठोके तुमच्या यंत्राने गाळलेच नव्हते. मी तुम्हाला पहिला मान दिला आणि त्या मानानेच तुम्हाला हरवलं.

काकीला मी काही सांगितलं नाही. बाहेर तुमच्या नारळाखाली जाऊन उभी राहिले. “रडतंय पोर,” आतून कुणी म्हणालं. “राहू दे,” काकी म्हणाली. “हिच्यावर फार जीव होता त्यांचा. घरी येऊन बोलायचे, पोर माझी चुकतेय पण चांगली चुकतेय.”

तुम्हाला माहीत होतं का, नाना? हेच मला विचारायचं आहे. नुसता संशय होता म्हणून ‘उलट कर’ म्हणालात? की सगळं कळलेलं होतं आणि मी स्वतः शोधावं म्हणून थांबलात? की एवढं लागलं होतं की सांगावंसं वाटलं नाही? तो डबा तळहातावर आपटून दाखवलात ते सांगणंच होतं ना? यातलं कुठलंही उत्तर मला चालेल. फक्त तुमच्या तोंडून हवं होतं.

तेराव्यानंतर मी तुमच्या खोलीची किल्ली मागून घेतली. यंत्र अजून होतं, पुढच्या महिन्यात काढायचं ठरलेलं. टाकी भरली. डिटेक्टर थंड व्हायला लागले तेवढे दिवस दिले. मग स्कोप लावला, तुमचा तो पेन्सिलीच्या टोकाएवढा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि रेघेकडे बघत बसले. ती बुडायची, नाहीतर तरंगायची. दोन तास गेले. शेवटी मी पडद्याकडे बघायचं सोडलं आणि आंब्याचं पान आठवलं. बसली.

राळेचा डबा ठेवला. जुळला. मग खाली जाऊन नवा डबा भरला, माझ्या त्याच चुकीच्या पद्धतीने, चमच्याने, हलका. पोटॅशियमपुरतंच बघायचं होतं, त्याला बाकीच्यांसारखं सील करून आठवडेच्या आठवडे थांबावं लागत नाही. आधी माझ्या यंत्रावर एक दिवस. मग माझ्या स्कूटीच्या हुकाला पिशवी, आणि तुमच्यासारखी, एकाही गतिरोधकावर न थांबता वर. मग तुमच्या यंत्रावर एक दिवस.

तुमचं जास्त आलं. माझं कमी. फरक तेवढाच, फक्त उलटा.

मग तिसरा डबा. तुमच्या पद्धतीने. ठक, ठक, ठक, बसायची थांबेपर्यंत. त्या रिकाम्या खोलीत तो आवाज झाला आणि मला वाटलं मागून कोणीतरी म्हणणार, अजून दोन मार. म्हणून मी आणखी दोन मारले. तो डबा मी खाली नेला, वर आणला, परत खाली नेला. नाना, दोन्ही सारखे. चार दिवसांपूर्वी शेवटचा आकडा आला.

मला हे खोटं गोड करायचं नाही, तुम्हालाही आवडणार नाही. तेज स्रोत ठेवला की तुमचं यंत्र दमतं आणि माझं दमत नाही. दुपारी तुमचा सुळका सरकतो आणि माझा जागेवर असतो. हे मी लिहिलं होतं, ते खरं आहे आणि राहील. पण आपल्या मासळीसाठी, आपल्या मातीसाठी, जी दिवसभर हळूहळू हाका मारते, तिच्यासाठी दोघांत फरक नाही. फरक भरणाऱ्याच्या हातात होता. माझ्या.

मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, “यंत्र तसंही काढायचंच आहे. जुना अहवाल कशाला उकरतेस? तुझ्या कायम होण्याची फाईल वर गेलीय, आत्ताच?”

मी म्हणाले, “साहेब, त्या अहवालानंतर वर्षभर सगळे डबे मीच भरलेत, न ठोकता. नाट्याच्या मासळीचे आकडे त्यांतून आलेत. माझे बाबा ती मासळी विकतात. वादळाआधी होड्या चुकीच्या मोजल्या तर कोण जबाबदार?”

त्यांनी जुना अहवाल टेबलावरून माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, “लिही.”

लिहिलं. आधीचा अहवाल चुकीचा आहे, चूक नमुना भरण्याची आहे आणि ती माझी आहे. वर्षभराचे डबे पुन्हा भरून मोजायचे. कार्यपद्धतीत एक ओळ वाढवावी: ‘पूड खाली बसायची थांबेपर्यंत डबा ठोकावा.’ साहेबांनी सगळं वाचलं आणि पहिल्या पानावर बोट ठेवलं. “हे काय? निवृत्त माणसाचं नाव, तेही वरती?”

“हो.”

“ते आता नाहीत.”

“म्हणूनच विचारता येत नाही. मला जे सुचायला वर्ष लागलं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं, ‘एकदा उलट कर.’ ते मी आत लिहिलंय. पान नऊ.”

फाईलीचं काय होईल ते मला माहीत नाही. बाबांना फोनवर सांगितलं, की माझी चूक झाली होती आणि ती मी लिहून दिली. ते म्हणाले, “नानांनी शिकवलं ना हे?” मी म्हणाले, हो.

नवा अहवाल उद्या जाईल. तुमचं यंत्र पुढच्या महिन्यात काढतील. तोवर मी रोज सकाळी आधी वर येते, तुमच्या घरच्या माणसाला त्याच्या घरी बसवते, आणि मगच खाली जाते. त्याची गरज नाही. मोजायला काही ठेवलेलंही नसतं. पण नाना, क्रम मोडवत नाही.

पहिल्या पानावर दोन नावं आहेत. आधी तुमचं, मग माझं. ह्या वेळी वाटेत काही बसणार नाही.